याकोबमामांची झोप

मी केलेली सेवा देवाला पोहोचली का, याची मला आजही खात्री वाटत नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीने आजाऱ्यांच्या भेटीचे काम माझ्याकडे दिले होते. कोसाडच्या कामगार वसाहतीत याकोबमामा राहत. जालन्याकडून येऊन तीस वर्षे कापडाच्या लूमवर काढलेली, आता डावे अंग लुळे. मुलगा हजिऱ्याच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीवर. मी दर रविवारी उपासनेनंतर जायचो. एक गीत, एक अध्याय, प्रार्थना, पंचवीस मिनिटे. एकही रविवार चुकवला नाही. मामा दर वेळी एवढेच म्हणत, "झोप लागत नाही, तेवढं देवाला सांगा." अकरा रविवार मी त्यांच्या झोपेसाठी मनापासून मागितले. झोप का लागत नाही, हे मात्र मामांना एकदाही विचारले नाही.

बाराव्या रविवारी 'आमेन' म्हणून उठलो, तर दारात गरम पाण्याची बादली घेऊन शेजारची सुमनबाई उभी. ही खानदेशातली, मामांच्या ना नात्यातली ना मंडळीतली.

"दादा, प्रार्थना व्हयनी ना? मंग जरा हात लावा. पोऱ्या ड्युटीवर शे, बाबाले कुशीवर कराना शे."

"अगं, त्यायला घाई असती," मामा म्हणाले. "पण वाचत्यात लई गोड."

"गोड वाचीसन जखम सुकस का?"

मी मामांचा खांदा धरून त्यांना वळवले. पाठीवर पडून पडून झालेली तळहाताएवढी जखम होती, ओली, वास येणारी. सुमनबाईने ती हलक्या हाताने पुसली, कोरडी केली, पाठीशी उशी लावली. मी नुसता धरून होतो. माझ्या हातांतच मामांचा श्वास संथ झाला आणि ते झोपी गेले. त्या खोलीत आम्हा तिघांखेरीज आणखी कोणी आहे, असे मला वाटले. याहून जास्त मला सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टर आणले, हवेची गादी आणली. पण जखम आतवर गेली होती. महिनाभर आधी कळायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले. महिनाभर आधी म्हणजे माझा आठवा रविवार. तिसऱ्या आठवड्यात मामा गेले.

मी क्षमा मागितली आहे. आता कोणाकडे गेलो की आधी विचारतो, कुठे दुखते. मग प्रभू पुढे ठेवील ते काम करतो. पुष्कळदा ते भांडी घासण्याचे निघते. माझी प्रार्थना ऐकून सुमनबाईला पाठवणाऱ्या प्रभूचे मी रोज आभार मानतो. त्या दुपारी मामा दोन तास झोपले. मी त्यांना धरून बसून राहिलो. बारा रविवारांत मी त्यांच्यासाठी केले ते तेवढेच.