प्रागच्या पुलावर सातोसान

आज जुन्या कोटाच्या खिशात प्रागच्या ट्रामचं तिकीट सापडलं आणि जपानमधल्या सेंदाईतल्या आमच्या शेजारीण सातोबाई आठवल्या. त्यांचे यजमान, सातोसान, त्सुनामीत वाहून गेले होते. मी परिषदेसाठी प्रागला निघालो, तेव्हा त्यांनी यजमानांचा फोटो माझ्या हातात ठेवला.

"यांना तिथला जुना पूल बघायचा होता. दाखवून आणाल?"

एरवी मी कबुतराचा गरुड करून सांगणारा माणूस! पण पुलावर फोटो उंच धरला, खाली फुगलेली नदी दिसली. फोटो झटकन किल्ल्याकडे वळवला.

परतल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "पाणी दिसलं का हो त्यांना?"

"नाही. नदीकडे पाठ करून धरलं होतं."

त्या कमरेतून वाकल्या, त्या कितीतरी वेळ वाकूनच राहिल्या.

एवढी एकच गोष्ट मी आजवर फुगवलेली नाही.