लूममधली रीत

प्रितेशला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. आजचं नाही हो, लहानपणापासूनचं. समोरच्याच्या डोळ्यांत बघता यायचं नाही, आणि दोघंतिघं एकदम बोलायला लागले की याच्या डोक्यात नुसता कालवा. गाव काय, नावं ठेवायला टपलेलंच. पण कामतघरच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं सुखाने नांदला. तिथे बोलणारच कोण? लूमच्या खडखडाटात शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. धागा तुटला, चहा आला, काहीही सांगायचं तर मागून जाऊन खांद्यावर थाप मारायची आणि हाताने खूण करायची. सगळ्यांची तीच रीत. तिथे प्रितेश कुणापेक्षा कमी नव्हता.

मग कारखाना बंद पडला. थोरला भाऊ केसरीनाथ याने पडघ्याजवळच्या एका गोदामात त्याला चिकटवला. गोदामाखालची जमीन यांच्याच घराण्याची, त्यामुळे केसरीनाथचा तिथे शब्द चालायचा.

आठवडा झाला नाही तोच घोळ झाला. पॅकिंगला मृणाली नावाची मुलगी होती. तिच्या टेबलावरचा खोका कडेला आलेला, आता पडेल की मग. हाक मारायचं प्रितेशच्या डोक्यातच आलं नाही. मागून गेला आणि तिच्या खांद्यावर थाप मारली. पोरगी केवढ्याने दचकली! तिने मॅनेजरकडे तक्रार केली, आणि का करू नये? ओळख ना देख, परक्या पुरुषाने मागून हात लावायचा म्हणजे काय?

मॅनेजरने विचारलं तेव्हा प्रितेश जमिनीकडे बघत राहिला. तो नेहमीच जमिनीकडे बघतो, पण त्या केबिनमध्ये ते चोराचं बघणं ठरलं. लूममधली रीत त्याला सांगायची होती. पण तोंडातून शब्द निघेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

केसरीनाथ धावत आला. त्याने हात जोडले. म्हणाला, साहेब, याच्या मनात पाप न्हाय, हा जन्मापासून जरा येडा हाय. मॅनेजर नरमला. म्हणाला, असं असेल तर सोडून देऊ, पण त्याने स्वतःच्या तोंडाने सांगू दे.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. येडा म्हणावं तर अब्रू गेली. न म्हणावं तर नोकरी गेली, वर घाणेरडा माणूस म्हणून नाव झालं.

"हाय," तो म्हणाला. "मी येडा हाय."

तेवढे शब्द बरे निघाले मेल्याच्या तोंडून! केबिनच्या दाराशी उभ्या असलेल्या मृणालीचा राग गेला, आणि ती त्याच्याकडे कीव करून बघायला लागली. त्यापेक्षा तिचा राग परवडला असता.

तो घरी पोचायच्या आधीच त्याच्या बायकोला, उन्नतीला, जावेकडून सगळं कळलं होतं. तिने ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि समोर बसली.

"नोकरी गेली असती तर दुसरी बघितली असती," ती म्हणाली. "मी येड्याशी लगीन नव्हतं केलं."

प्रितेशने हातातला घास ताटात ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात रागाच्या भरातसुद्धा तिने त्याला कधी येडा म्हटलं नव्हतं. त्याला तिच्यासमोर बसायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर गोदामात गेला. मॅनेजर त्याच्याशी सावकाश, मोठ्या आवाजात बोलला, लहान पोराशी बोलतात तसा. काम समजलं का, असं दोनदा विचारलं. प्रितेशने दोन्ही वेळा मान डोलावली.