सुभेदार नानासो आणि तेलकट वाळू

सुभेदार नानासो जगदाळ्यानं अठ्ठावीस वर्षं देशाची सेवा केली, असं तो सांगतो. त्यातली अकरा वर्षं छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या मागनं काठ्यांची पिशवी वाहण्यात गेली, हे तो सांगत नाही. ते त्याचा दोस्त मौला मुलाणी सांगतो, आणि तेही नानासोच्या तोंडात बिस्कीट असताना, म्हणजे लगेच उत्तर देता येऊ नये.

पिशवी वाहता वाहता नानासोला खेळाचं वेड लागलं. पेन्शनीत आल्यावर खंडाळा तालुक्यातल्या आपल्या गावी लोक द्राक्षं लावतात, कोंबड्या पाळतात, निवडणुकीला उभे राहतात. यानं गावच्या गायरानात डालडाचे नऊ डबे पुरले आणि त्याला गोल्फचं मैदान म्हणायला लागला. आता डब्याभोवती खरं तर मऊ हिरवळ पाहिजे. पण जिथं प्यायच्या पाण्याला टँकर येतो तिथं हिरवळ कुठली पोसायची? लष्करानं त्यावर तोड काढलेली आहे. वाळू बारीक चाळायची, तिच्यात गाड्यांचं जळकं तेल कालवायचं आणि डब्याभोवती गोल, सपाट थापून टाकायची. वारा आला तरी उडत नाही, चेंडू सुळकन पळतो. याला म्हणायचं ब्राऊन. वाळू नानासोनं चाळली, तेल मौलानं दिलं. मौला फौजेतला निवृत्त हवालदार, हमरस्त्याला त्याचं गॅरेज, तेलाला तोटा नाही.

गाव पोट धरून हसलं. नानासोची बायको हरणाबाई म्हणाली, "घरात न्हाणीला चार भिंती बांधा म्हणून मी कवापासनं वरडतीया, आन ह्यास्नी गायरानात डबं पुरायला येळ हाय."

पण रोज सकाळी सहाला दोघं गायरानात हजर. नानासो हरला की शेळ्यांना शिव्या घालायचा, जिंकला की मौलाला डोळे तपासून घ्यायला सांगायचा. घरात तो हुकूम सोडायचा, गावात उपदेश करायचा, त्यामुळं लोक त्याला लांबून बघून वाट बदलायचे. तोंडावर "गप बस, सुभेदार" म्हणणारा सगळ्या जगात एकटा मौला होता, आणि नानासोला तेवढा एक तास खरोखर माणसात आल्यासारखं वाटायचं.

मग लॉकडाऊन लागला. गावची दक्षता समिती झाली आणि माजी सैनिक म्हणून तिचा अध्यक्ष कोण? नानासो. माकडाच्या हातात कोलीत म्हणतात ते हेच. शिट्टी, दंडुका, नावं लिहायची वही आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्याची किल्ली, सगळं एका दिवसात त्याच्याकडं आलं. यानं वेशीवर बाभळीचे काटे टाकले, पारावर बसणं बंद केलं, पानटपरी बंद केली, आणि आपल्या हातानं हुकूम लिहिला की विनाकारण कुणीही गायरानात जायचं नाही. खाली झोकदार सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काठ्यांची पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो.

पुढचे दिवस माणूस नुसता धुमसत होता. फोनवर गोल्फवाल्या माजी सैनिकांचा एक ग्रुप होता, तिथं सगळे सरकारच्या नावानं खडे फोडत होते. ज्या खेळात दुसरा गडी दोनशे पावलं लांब असतो, तिथं रोग काय धावत येतो का? भाजीबाजारात खेटाखेट चालते आणि आम्ही उघड्या माळाला गेलो की गुन्हा? नानासोला अक्षर न् अक्षर पटायचं. तरी तो प्रत्येकाला 'आदेश म्हणजे आदेश' असं ठोकून द्यायचा आणि मग गोठ्यामागं जाऊन काठीनं शेणी उडवायचा.

"आवं, चुलीला तरी ऱ्हाऊ द्या दोनचार," हरणाबाई ओरडायची.

एक दिवस मौला पिशवी घेऊन वेशीवर आला.

"नाना, दोघंच जाऊ. तू ह्या टोकाला, मी त्या टोकाला. बोलायचं बी न्हाई."

"मौला, मागं फिर."

"आरं, तुजाच हुकूम हाय. तूच मोड की."

इथं नानासोनं काय करावं? आजूबाजूला चारपाच जण बघत होते. त्यानं शिट्टी फुंकली. बारा वर्षं रोज सोबत खेळलेल्या दोस्ताच्या तोंडासमोर शिट्टी फुंकली आणि वहीत त्याचं नाव लिहिलं. मौलाचा चेहरा उतरला. "ऱ्हायलं," तो म्हणाला, "ती वाळू घे आन घाल डोस्क्यात, सुभेदारसाब." आणि निघून गेला.

पंधरा दिवसांनी नानासो गस्तीच्या नावाखाली गायरानात गेला. गस्त कसली, जीव राहवेना म्हणून गेला. बघतो तर पाच नंबरचा ब्राऊन जागेवर नाही! खाली मुरूम उघडा. सात नंबरचाही अर्धा खरवडलेला. त्याचं डोकं सणकलं. वाळूच्या गाड्या बंद होत्या, गावात वाळू मिळत नव्हती, आणि मौलाच्या गॅरेजच्या भिंतीशी मात्र वाळूचा ढीग त्यानं परवाच बघितला होता. तो ढीग फाल्गुनापासून तिथंच पडून होता, हे त्याला आठवलं नाही. वाळू डोस्क्यात घाल, हे तेवढं आठवलं.

तो तडक ग्रामपंचायतीत गेला आणि भोंगा चालू केला. "ऐका हो! गायरानातली वाळू चोरीला गेलेली आहे. चोर माजी सैनिक आहे. तो गॅरेज चालवतो. त्यानं चोवीस तासांत वाळू आणून टाकावी."

गावात गॅरेजवाला माजी सैनिक दुसरा कोण होता? दिवसही वाईट. टीव्हीनं माणसांची डोकी आधीच फिरवली होती, मुसलमानाचं नाव ऐकलं की रोगाच्या भीतीनं लोक चार पावलं लांब सरकत होते. त्यात खुद्द सुभेदार भोंग्यावरनं चोर म्हणाला, मग काय विचारता. दूधवाल्यानं मोटारसायकल दुसरीकडं न्यायला सुरुवात केली, ट्रॅक्टरवाले शिरवळला जायला लागले. मौला एका शब्दानं बोलला नाही. वाळू काही आली नाही.

जून लागला आणि सरकारनं मोकळ्या जागेतल्या व्यायामाला परवानगी दिली. नानासोनं तो आदेश तीनदा वाचला, तिसऱ्यांदा मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच गायरानात जाऊन उभा. सहा वाजले, साडेसहा वाजले. मौला आला नाही. मग तो एकटाच खेळला. पहिलाच तडाखा असा बसला की चेंडू डब्यापासून दोन वितींवर. नानासोनं वळून बघितलं, तर शिवी द्यायला कुणी नाही. आठ दिवस तो असा एकटा गेला. नवव्या दिवशी पिशवी खुंटीला लावून म्हणाला, "पाय दुखत्यात." पाय ठणठणीत होते. मौला येत नाही म्हणून जीव तुटत होता, आणि चोराची माफी मागायची कशी म्हणून तोंड उघडत नव्हतं.

इकडं घरात नवी न्हाणी बांधून तयार होती. लॉकडाऊनमध्ये गवंडी रिकामा बसलेला, तेवढ्यात हरणाबाईनं हात धुवून घेतले होते. नानासो दिवसभर वेशीवर, त्याला भिंती उभ्या राहिलेल्या दिसल्या तेवढ्याच. लेक संयोगिता सांगलीत विश्रामबागेला राहणारी, ती जावयासह येणार म्हणून न्हाणीत कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. पण त्या दिवशी हरणाबाईला नवऱ्याची कीव आली. "जावा, पाय शेका गरम पाण्यानं," ती म्हणाली.

नानासो डोक्याला साबण लावून बसला आणि वरनं हातभर गिलावा सपकन त्याच्या पाठीवर पडला. मग दुसरा. मग सगळी भिंतच सोलून निघाली. डोळ्यांत साबण, अंगावर चिखल, आणि नाकात वास. हा वास त्यानं बारा वर्षं नाकानं ओढला होता. जळकं तेल!

पंचा गुंडाळून तो बाहेर आला. "ही वाळू कुठली?"

"गायरानातली," हरणाबाई शांतपणे म्हणाली. "गवंडी म्हनत हुता, काकी, तेलाचा वास मारतोय. मी म्हनलं, फौजंतली वाळू हाय, बंदुकीचं तेल आसंल, लाव तू."

"आन मी मौलाला चोर म्हनलो तवा तुज्या तोंडाला काय झालं हुतं?"

"भ्या वाटलं," हरणाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "चुकलंच माजं. पर तुमी घरात तरी कवा इचारलं? तुमी आदी चोर ठरीवला. मला न्हाई कळलं, पर मौलाभाऊजी सोता त्या वाळूत तेल वतत्यात, त्यास्नी कळत न्हाई का तिचा गिलावा बसत न्हाई? शेंबड्या पोराला कळंल."

नानासो तसाच, साबण पुसून, अंगात सदरा चढवून ग्रामपंचायतीत गेला. त्या दिवशी भोंग्यावर त्याचा आवाज दोनदा अडकला. "ऐका हो. वाळू सापडली. माझ्या घरात सापडली. चोर मी आहे. हवालदार मौला मुलाणी यांच्यावर मी खोटा आळ घेतला." बायकोचं नाव त्यानं घेतलं नाही. घरात हरणाबाईनं पदर तोंडाला लावला.

तिथनं तो गॅरेजवर गेला. गॅरेजवर चिटपाखरू नव्हतं. मौला एका जुन्या जीपखाली आडवा होता, त्याचे पाय तेवढे दिसत होते. नानासो त्या पायांशी बोलला.

"मौला. ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"मला ठावं न्हवतं रं."

"मला हुतं." मौला जीपखालनं बाहेर आला. "म्या वयनींना बघितलं हुतं. डोस्क्यावर घमेलं घिऊन चालल्या हुत्या."

नानासो जीपच्या चाकाशी टेकला. "मग बोलला का न्हाईस गड्या?"

"काय बोलू? तुज्या घरातल्या बाईमाणसाचं नाव चव्हाट्यावर घालू? म्हनलं, माजं काय, चार दिस लोकं बोलतील. पर चार दिस न्हाई झालं, नाना. दोन म्हैनं झालं."

नानासोला रडू आलं. ते त्यानं लपवलं नाही. थोड्या वेळानं नाक पुसून म्हणाला, "उद्या येशील का खेळाय?"

"न्हाई. माज्या दाराला गिऱ्हाईक येतंय का ते आदी बघतो. मग खेळाचं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गायरान रिकामं होतं. नानासो आपली स्कूटर घेऊन गॅरेजच्या दारात उभा होता.

"काय झालं गाडीला?" मौलानं विचारलं.

"तेल बदल."

"फाल्गुनात बदललंय. हजार किलोमीटर बी फिरली न्हाई ती."

"तरी बदल."

मौलानं त्याच्याकडं बघितलं, स्कूटरकडं बघितलं आणि पाना उचलला. नानासो बाहेरचं बाकडं ओढून अगदी रस्त्याच्या कडेला घेऊन गेला आणि तिथं बसला. डेअरीला जाणारे लोक बघत होते. तो प्रत्येकाला नावानं हाक मारत होता आणि आपली गाडी मौलाकडं टाकल्याचं सांगत होता. साडेसात वाजून गेले तरी तो उठला नाही.