बारवेतला नारू आणि माझी बहीण

अप्पा औरादकडच्या खेड्यांत मिशनचे उपदेशक होते. आई लवकर गेली. तेव्हापासून त्यांचं घर मी सांभाळलं आणि शास्त्रही त्यांच्याइतकंच पाठ केलं. उपदेश करताना एखादं वचन अडलं की ते माझ्याकडे बघत. ते बघणं माझं एकटीचं होतं. धाकटी बहीण नर्सचं शिकायला बिदरला गेली, तेव्हा खरं तर मला बरंच वाटलं होतं.

दोन वर्षांनी ती सुट्टीवर आली, ती बारीक जीव मोठे करून दाखवणारी पितळी खुर्दबीन घेऊन. तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आठ दिवसांसाठी विश्वासानं दिली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत जवळजवळ घरटी एकाला नारू झाला होता. पायाला फोड यायचा, आग सोसवेना म्हणून माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाय पाण्यात सोडायचा. फोड फुटला की दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. त्याच बारवेचं पाणी आम्ही पीत होतो. अप्पा म्हणत, देव परीक्षा बघायलाय.

बहिणीनं बारवेच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला आणि अप्पांना बोलावलं. ते एक डोळा मिटून बराच वेळ वाकून राहिले.

"हे वळवळायलंय ते काय?"

"पाण्यातली पिसू, अप्पा. नारूची पिलं हिच्या पोटात जातात, अन् पाण्यासंगं ही आपल्या. वर्षानं नारू पायातनं बाहेर येतो. दुपदरी धोतरातनं गाळलं की ही वरच राहती. अन् नारूवाल्यानं बारवेत पाय घालायचा न्हाई."

अप्पा उठले. "किती बारीक काम केलंय देवानं," एवढंच म्हणाले. परीक्षेचं नाव पुन्हा काढलं नाही. बघत होते ते बहिणीकडे.

रविवारी उपासनेनंतर तिनं सगळ्यांना हेच समजावलं. मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि विचारलं, "प्रभूच्या काळी तळ्यात उतरून लोक बरे व्हायचे. मग ते शास्त्र खोटं म्हणायचं का?"

ती चिडली नाही. "पण अक्का, प्रभूनं ज्या पांगळ्याला बरं केलं, तो तळ्यात उतरलाच न्हाई. काठावरच उठून चालाय लागला."

तो अध्याय मला शब्दन् शब्द पाठ होता. हे मात्र मला कधी दिसलं नव्हतं. अप्पा समाधानानं हसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं ठेवणीतलं धोतर फाडून घरोघर वाटलं.

मी अप्पांचं पाणी गाळायची. माझा तांब्या मात्र तसाच भरायची. हे कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत नारू फार थोड्यांना झाला. त्या थोड्यांत मी होते. घोट्याशी फोड आला, पाय टेकवेना. बहीण रजा काढून आली. रोज ती किडा काडीवर बोटभर गुंडाळायची. ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. काडीला हात लावण्याआधी डोळे मिटून काही पुटपुटायची.

"देवाला काय मागायलीस? नारू निघू दे म्हणून?"

"न्हाई. माझा हात हलू नये म्हणून."

जन्मभर मी मोठमोठ्या प्रार्थना केल्या होत्या. एवढी साधी, इतकी कामाची एकही मला सुचली नव्हती. पायापेक्षा मला तेच जास्त लागलं.

अठराव्या दिवशी किडा पुरता निघाला. तेव्हा मी बोलले, "मी गाळलेलं पाणी पेलेच न्हाई."

"कामून?"

"तू सांगितलंस म्हणून."

तिनं पट्टी बांधली. मान वर न करता विचारलं, "घट्ट झाली का?"

मी नाही म्हणाले.

पुढं मी अप्पांबरोबर गावोगाव फिरले. पाणी कसं गाळायचं ते बायकांना दाखवलं, तळ्याकाठच्या पांगळ्याची गोष्ट सांगितली. बायका मन लावून ऐकायच्या. एखादी विचारायची, "एवढं कुठं शिकलात, अक्का?"

"शास्त्रात हाय," मी सांगायची. बहिणीचं नाव मी बरीच वर्षं घेतलं नाही.