पाहुण्याचं पाणी

झरी जामणीच्या जंगलाकडेच्या एका तांड्यात रुपीबाई राहायची. तांड्याचा नाईक भावसिंग हा तिचा नवरा. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेल्या बंजाऱ्यांची ती नात, पण तिच्या वाट्याला हिंडणं आलंच नाही. आला तो नाल्याच्या रेतीत उकरलेला झिरा. वाटीवाटीनं पाणी उपसायचं, एक घागर भरायला सकाळ जायची. बाई तोंडाची फटकळ. रांगेत मध्येच घुसणारीची ती अशी काही पूजा बांधायची, की ती बया पुन्हा तिच्या पुढं जायची हिंमत करत नसे.

१९५६ च्या उन्हाळ्यात भावसिंगानं सारा तांडा कामाला लावून, खडकात सुरुंग उडवून विहीर खणली. चांगली खोल, मे महिन्यातही न आटणारी. त्याच पावसाळ्यात रुपीबाईला जमना झाली. 'माही लेक झिऱ्यावर उभी नाही राहनार,' असं ती भेटेल त्याला ऐकवायची.

विहिरीचं पाणी झिऱ्याएवढं गोड नव्हतं, एवढीच काय ती खोट. म्हणून घरचे सगळे विहिरीचं प्यायचे, आणि देवासाठी, पाहुण्यासाठी झिऱ्याचा एक हंडा फडक्यानं झाकून वेगळा ठेवलेला असे. पाहुण्याला विहिरीचं पाणी देणं म्हणजे घरात तूप असून त्याला कोरडी भाकर वाढणं, असं तांड्यात मानत.

पुढं पोरांचे दात पिवळे पडू लागले, मग तपकिरी चट्टे आले. बाया म्हणायच्या, कार्टी चोरून तंबाखू खातात. बिचाऱ्यांना त्यापायी मारही बसला.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात धर्मपाल आला. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत तो रसायनशास्त्राचं संशोधन करायचा. पाण्यात विरघळलेलं जे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही, ते शोधून काढणं हे त्याचं काम. आठवडी बाजारात त्यानं तांड्यातली पोरं हसताना पाहिली होती आणि तो माग काढत इथवर पोचला होता. नाईकाच्या ओट्यावर बसून त्यानं एकेका पोराचे दात तपासले. मग एक काचेची बाटली रुपीबाईच्या हाती दिली.

"मावशी, तुमचं पिण्याचं पाणी यात भरून आणा. नागपूरला नेतो."

"नागपूरले? तिथं कोन पाहीन?"

"मोठे मोठे लोक पाहतील," तो हसत म्हणाला.

तो बोलला गमतीनं, पण रुपीबाईला ते खरंच वाटलं. मोठ्या लोकांपुढं तांड्याचं पाणी जाणार! तिनं बाटली पुन्हा घासली, धुतली, आणि झिऱ्याच्या हंड्यातलं पाणी नव्या फडक्यातून गाळून काठोकाठ भरली. फसवावं असं तिच्या मनात तिळभरही नव्हतं. लेकीला सासरी धाडताना वेणीफणी करतात, तशा मायेनं तिनं ते केलं. धर्मपाल विहिरीकडे फिरकलाच नाही. त्यानं बाटली घेतली आणि तो गेला.

काही दिवसांनी निरोप आला, की पाण्यात दोष नाही, खुशाल प्या. भावसिंगानं तांड्यात गूळ वाटला.

जमनाचे गुडघे आत वळू लागले ते त्यानंतर, आणि तांड्यातल्या आणखीही पोरांचे. आधी ती पळताना पडायची, पुढं चालताना गुडघ्याला गुडघा घासायला लागला. रुपीबाईनं तेल चोळलं, नवस केले, पांढरकवड्याला वैद्याकडे नेलं. पोरीच्या अंगात उष्णता आहे, पाणी भरपूर पाजा, असं तो म्हणाला. रुपीबाईनं पाजलं. तांब्या घेऊन ही बाई लेकीच्या मागं मागं हिंडायची. हे सांगतानाही जीव कासावीस होतो.

एकोणसत्तरात धर्मपाल पुन्हा आला. दरम्यान आसपासच्या खेड्यांतल्या विहिरींत त्याला फ्लोराईड सापडलं होतं. ते जास्त झालं की आधी दात खराब होतात, मग हाडं. तुरटी आणि चुना घालून ते पाण्यातून काढण्याचे प्रयोग चालले होते, पण घराघरांत नेण्याजोगं अजून काही हाती आलं नव्हतं. साऱ्या भागात याच तांड्याचं पाणी निर्दोष, आणि तरी इथल्याही पोरांचे पाय वाकडे, हे कोडं त्याला सुटत नव्हतं.

"तुमचं पाणी मी स्वतः तपासलं होतं, मावशी," तो म्हणाला. "विहिरीचं पाणी इतकं चांगलं निघत नाही."

"विहिरीचं कायले?" रुपीबाई म्हणाली. "तुमी पाहुणे. तुमाले झिऱ्याचं देल्लं होतं."

बोलली आणि तिचं तिलाच उमगलं. तपासलं गेलं ते पाहुण्याचं पाणी, आणि पोरं प्यायली ते विहिरीचं.

"चूक माझी आहे," धर्मपाल म्हणाला. "पाणी मीच काढायला हवं होतं. गावच्या विहिरीला हात लावला म्हणून माझ्या बापाला लोकांनी मारलं होतं. मी एवढा शिकलो, पण दुसऱ्याच्या विहिरीवर अजून पाय टाकवत नाही."

"आमी नसतं अडवलं, बापू."

खरंच नसतं अडवलं का, हे आता कोण सांगणार? त्यानं विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं, त्यात पोरांची सहा वर्षं गेली.

संध्याकाळी नाईकाच्या दारात तांडा जमला. भावसिंग मान खाली घालून बसला होता. रुपीबाईनं उभं राहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आता शिव्या पडतील म्हणून ती वाट पाहत होती. पण म्हातारी सुखीबाई म्हणाली, "पाहुण्याले म्याबी तेच पानी देल्लं असतं, बाई." बायांनी माना हलवल्या. रुपीबाईला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. ज्यांच्या पोरांचे पाय गेले, त्याच तिची समजूत काढत होत्या.

यापुढं प्यायला झिऱ्याचंच पाणी, तेही लहान पोरांना आधी, एवढं ठरलं आणि लोक उठले. उन्हाळ्यात झिरा आटला की पुन्हा विहिरीचंच पाणी प्यावं लागणार होतं. वळलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही, हे धर्मपालनं जाण्याआधी रुपीबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

जमना भिंतीला धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"याडी," ती आईला म्हणाली, "आता झिऱ्याचं पेलं, तं माहे पाय सुदे होतीन?"

"होतीन," रुपीबाई म्हणाली, आणि तिला धरून आत घेऊन गेली.