पुढाऱ्याचा उपवास

आणीबाणी उठली तेव्हा आमच्या कॉलेजात तो पुढारी होता. मूठ वर करून बोलायचा आणि दर वाक्याला "कळलं का?" विचारायचा. देव म्हणजे थोतांड, जात तर आपण गोदावरीत बुडवली, कळलं का? त्याची पोस्टरं मीच रंगवायचो.

पहिल्यांदा तो बौद्धवाड्यात आमच्या घरी आला, तेव्हा आईनं पोहे पुढे केले. "आई, आज उपवास आहे," तो म्हणाला. देव न मानणाऱ्याचा उपवास! पुढच्या वेळी आईनं मुद्दाम साबुदाण्याची खिचडी केली. आमच्याकडे उपवास कोणीच करत नाही. साबुदाणा त्याच्यासाठीच आणला होता. "पोट बिघडलंय हो," म्हणाला. तासाभरात त्याच पोटात त्यानं माझ्यासमोर स्टँडवरची झणझणीत मिसळ ढकलली, वर रस्सा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी टेबलावर उभा राहून तो गरजला, "मी बौद्धवाड्यात जातो, त्यांच्या घरात बसतो, कळलं का?" टाळ्या कडाडल्या.

माझ्या डब्यात आदल्या दिवशीची तीच खिचडी होती. मी टेबलावर चढलो, डबा उघडून त्याच्या तोंडासमोर धरला.

"खा," म्हणालो. "कळू दे सगळ्यांना."