पार्बताबाईची कपडे वाळवायची कणगी

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. परतवाड्याच्या माळीपुऱ्यात पार्बताबाई राहायच्या. नवरा वामनराव वांगी आणि मेथी पिकवायचे, बाई ती बैलबंडीतून चिखलदऱ्याच्या बंगल्यांवर पोचवायच्या. एकदा डोंगरावर असं धुकं आणि असा पाऊस, की बंडीचे बैलसुद्धा दिसेनात. बाई पार भिजल्या. एका बंगल्यातल्या खानसाम्याला दया आली, त्यानं त्यांना मागच्या खोलीत बसवलं. आत लोखंडी शेगडी पेटलेली, दोरीवर साहेबाचे कपडे टांगलेले आणि छपरातून एक नळकांडं बाहेर गेलेलं. बाईंनी एका सदऱ्याला हात लावला. कोरडा होता, कोमट होता. बाहेर पाऊस कोसळतच होता. देवळात उभं राहावं तशा त्या तिथे उभ्या राहिल्या.

निघताना त्यांनी नळकांड्याचं विचारलं. खानसामा म्हणाला, कपड्यातलं पाणी वाफ होऊन त्यातून जातं. ते तुंबलं तर कितीही कोळसा जाळा, कपडे ओलेच.

घरी ज्वारीची जुनी कणगी रिकामी होती, बांबूच्या कामट्यांची, शेणामातीनं लिंपलेली. बाईंनी तिला खालच्या अंगाला शेगडी सरकवायला तोंड पाडलं आणि वरती कपडे टांगायला आडव्या काठ्या बसवल्या. आत निखाऱ्यांची शेगडी ठेवली आणि तिच्यावर भोकं पाडलेली खापरी झाकली, म्हणजे एखादं फडकं पडलं तरी पेटू नये. कणगीच्या माथ्यातून आतल्या गाठी फोडून पोकळ केलेला बांबू छपराच्या कवेलूंच्या वर काढला. रोज राख काढायची, खापरीवर साचलेलं कपड्यांचं तूस पुसायचं. शेजारणी आधी हसल्या, मग ओली लुगडी घेऊन आल्या.

त्या श्रावणात पावसाची झड लागली आणि शेजारच्या जयवंताबाईंची सून मनकर्णा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी ओंजळीत मावेल एवढी. सुईण म्हणाली, हिला ऊब आणि कोरडं फडकं, बाकी देवाच्या हाती. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्या कोणी जायचं नव्हतं. जयवंताबाई ओली फडकी आणायच्या आणि गरम फडकी पदराखाली झाकून न्यायच्या. पार्बताबाईंनी पोर पाहिलीच नाही. फडकी जास्त आली की समजायच्या, दूध पोटात जातंय. एक दिवस अगदी थोडी आली. त्या दिवशी त्यांना भाकर गेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढीग आला, तेव्हा त्यांनी कणगीपाशी बसून हात जोडले.

आणि झड ऐन भरात असताना एका दुपारी फडकी ओलीच निघाली. निखारे लाल होते, पण कणगीच्या आतून पाणी ओघळत होतं. बाईंना खानसाम्याचं बोलणं आठवलं. खापरी रोज पुसली होती, बांबूत मात्र कधी डोकावल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला आणि शिडी लावली.

"मी चढतो ना, तू काहून चढून राहिली?" वामनराव म्हणाले.

"तुमच्या वजनानं कवेलू फुटतीन. शिडी धरा फक्त."

भर पावसात त्यांनी बांबूत लांब काठी घातली. बरंच ढोसल्यावर घोंगडीसारखा घट्ट बोळा खाली पडला, वाफेनं भिजून बसलेलं साऱ्या आळीच्या कपड्यांचं तूस. लगेच बांबूच्या तोंडातून पांढरी वाफ उसळली. बाईंनी पावसात तिच्यावर तळहात धरला. एवढं पाणी आभाळातून खाली येत होतं, आणि त्यांच्या घरातून पाणी परत आभाळाकडे चाललं होतं. वामनरावांनी हाक मारली तरी त्यांना खाली उतरवेना.

फडकी संध्याकाळपर्यंत वाळली. त्यानंतर बाई रोज बांबूतून काठी फिरवत.

झड उघडली. पोरीनं बाळसं धरलं, तेव्हा जयवंताबाईंनी पार्बताबाईंना आत बोलावलं आणि पोर त्यांच्या मांडीवर दिली. बाई पाहतच राहिल्या. बोटं तर ज्वारीच्या दाण्याएवढी.

"एवढ्याशा जिवानं इतके फडके ओले केले?" त्या हळूच म्हणाल्या.

पोरीनं जांभई दिली, आणि पार्बताबाईंच्या मांडीवर लुगड्याचा घोळ हळूहळू ओला झाला.